शांततेचं रीळ

१

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ठेवलात तर मलाच तुमची काळजी वाटेल. तालमीला अवकाश आहे, तुमचे गळे अजून तापायचेत, तोवर ऐका.

तेव्हा मी चर्चमधलं गाणं ध्वनिमुद्रित करत हिंडायचो. गाडीत दोन टेपयंत्रं, वायरींची भेंडोळी, चार माइक. जिथे गायकवृंद चांगला आणि ऑर्गन धड, तिथे माझा मुक्काम. किती चर्चं पालथी घातली त्याला गणती नाही, पण या गोष्टीतल्या चर्चसारखा घुमारा मी दुसरीकडे ऐकला नाही. फादरांनी रविवारी दिलेला आशीर्वाद छताला लागून मंगळवारी खाली यायचा. सोमवारी कुणाच्या हातून काही पाप घडलं तर ते आपोआप माफ.

“काका, काहीही!” खर्जात गाणारा जाड्या म्हणाला.

हस बाबा. पुढचं ऐकून हसशील तर खरा.

तर एका सकाळी वेदीमागच्या खोलीत मी एक डबा उघडला. डब्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ‘मास्तर, ऑर्गन एकट्याचा’. रीळ यंत्रावर चढवलं, कानाला हेडफोन लावले, बटण दाबलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

रिळावर काही नव्हतं. नुसती खरखर. पुढे सरकवलं, पुन्हा खरखर. मी हेडफोन भिरकावून दिले.

आता यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पुन्हा वाजवून घ्यायचं. पण वाजवणार कोण? मास्तर म्हणजे त्या चर्चचे ऑर्गनवादक. सगळी हयात त्या माडीवर काढली, आणि हयातभर एकदाही ध्वनिमुद्रण करू दिलं नाही. “वाजलं ते वाजलं, त्याचं लोणचं घालायचं नाही,” म्हणायचे. मी वर्षानुवर्षं मागे लागलो, हात हलवत परत आलो. आणि मग एका हिवाळ्यात त्यांनी स्वतःहून निरोप धाडला, या, यंत्र घेऊन या. वाजवणं झालं, मी टेप डब्यात घातली, आणि दोन पंधरवड्यांत मास्तर गेले.

जगात त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

मी डबा हातात धरून उभा, तेवढ्यात दारात काठीसारख्या सरळ अंगाची एक बाई येऊन थांबली. मास्तरांची बायको. सगळं गाव तिला मामीच म्हणायचं.

“मिळालं का?” तिनं विचारलं.

२

मामीचं ऐका. तिच्या कानामागच्या नसेवर गाठ वाढत होती. एक कान आधीच गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ काढावीच लागेल, आणि काढली की ऐकणं संपलं. पूर्ण. शस्त्रक्रिया आठवड्यावर आली होती.

“मला आणखी काही नको,” ती म्हणाली. ती बोलताना आवाज जरा चढाच ठेवायची. “यांचं वाजवणं एकदा ऐकते, मग कान नेईनात का. शेवटचं काय ऐकलं म्हणून विचारलं तर सांगायला बरं.”

“रविवारी या,” मी म्हणालो. “दुपारी. माणसं नसतात.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मान हलवून गेली.

रविवारी या! जिभेला हाड नाही ते असं. टेप कोरी, हातात आठवड्यापेक्षा कमी दिवस. फादरांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, “यंत्र तुमचं, बटणं तुमची. चुकून पुसलं असेल.” झालं. म्हणजे सगळ्यांच्या लेखी चोर मीच, वर बावळट.

अशा वेळी मी बाईंकडे गेलो. बाई म्हणजे त्या चर्चचा गायकवृंद ज्यांनी उभा केला त्या. निवृत्त झालेल्या, अंगानं भरभक्कम, आणि आपल्यासारखं कुणी नाही याची त्यांना पक्की खात्री. ती खात्री त्या दिवसातून दोनदा बोलून दाखवायच्या. कान इतका तिखट की किल्ल्यांचा जुडगा बेसूर वाजला म्हणून त्यांनी एका माणसाला कुलूप बदलायला लावलं होतं.

“तू पुसलंस का?” त्यांचा पहिला प्रश्न.

“बाई, शपथेवर सांगतो...”

“तुझ्या शपथा मला माहीत आहेत. रीळ आण.”

आणलं. बाईंनी हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि पुतळा झाल्या. मी पाच मिनिटांत घाबरून जे बंद केलं होतं ते त्या ऐकतच राहिल्या. मध्येच त्यांनी बोट वर केलं.

“गाढवा,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “हे पुसलेलं नाही.”

३

पुसलेली टेप मेलेली असते. ही जिवंत होती. अगदी खोल, छातीत जाणवेल असा एक हुंकार चालू होता. ऑर्गनचा भाता. नळ्यांमध्ये वारा भरणारा पंखा खाली तळघरात फिरत असतो, त्याचा.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी कामाची एक पद्धत होती, आम्हा सगळ्यांचीच असते. वाजवणं संपलं, शेवटचा सूर विरला की दुसऱ्या यंत्रावर मी रिकाम्या चर्चची शांतता भरून घ्यायचो. नंतर टेप कापून जोडताना दोन तुकड्यांच्या मध्ये घालायला तीच शांतता लागते. दुसऱ्या चर्चची चालत नाही. आदल्या दिवशीचीही चालत नाही. लगेच कानाला खटकते. म्हणून शांतता भरेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मी लाल दिवा विझवला की मोकळे.

तर मास्तरांच्या डब्यात शांततेचं रीळ होतं.

“मग शांततेच्या डब्यात काय आहे?” बाईंनी विचारलं.

आम्ही दोघं जवळजवळ पळतच वेदीमागच्या खोलीत गेलो. तिथे चर्चच्या किल्ल्या सांभाळणारा, ज्याला सगळे चावीवाला म्हणत, तो फडताळ पुसत उभा होता. बाईंना बघून त्याच्या हातातलं फडकं गळालं.

“काय रे, या फडताळाला कोण कोण हात लावतं?”

“मी तर पुसायलाच लावतो, बाई. डबे एकदा माझ्या हातून पडले, खोटं कशाला बोलू? रिळं घरंगळली. जशी सापडली तशी भरली. सगळी सारखीच तर दिसतात, नुसत्या काळ्या चकत्या.”

माझ्या जिवात जीव आला. “म्हणजे अदलाबदल झाली! मास्तरांचं रीळ शांततेच्या डब्यात गेलं. बाई, सुटलो!”

“डबा उघड,” बाई म्हणाल्या.

मी झाकण काढलं.

डबा रिकामा होता.

४

“तर चोर चावीवाला!” दुसऱ्या रांगेतली वरच्या पट्टीतली मुलगी म्हणाली.

थांब की जरा. बाईंनीही आधी तेच पडताळलं. त्याला विचारलं, “टेप पळवून तू काय करणार?” तो म्हणाला, “बाई, मला तर ते संगीत झोप आणतं. चोरायचंच असतं तर तो घंटेचा दोर नेला असता, दावणीला कामाला येईल.” एवढं खरं बोलणारा माणूस चोर नसतो.

त्या खोलीची किल्ली आणखी दोघांकडे होती. एक फादर. दुसरी मास्तरांची भाची, त्यांच्याकडेच शिकलेली, त्यांच्यामागे ऑर्गन सांभाळणारी. भाची म्हणजे तीच, जी आत्ता खिडकीशी स्वरलिपीची पानं लावत बसली आहे. तिच्याकडे बघू नका, ती काही सांगायची नाही.

फादर बागेत होते. बाई त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“चर्चच्या गाण्यांची तबकडी निघणार होती, तिच्यावर तुम्हाला मास्तरांचा ऑर्गनचा तुकडा नको होता म्हणे?”

“नकोच होता,” फादर म्हणाले. “चोरून कशाला ठेवू? टेप झाली त्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. मास्तरांचं वाजवणं म्हणजे कसं, जड पिशव्या घेऊन माणूस जिना चढतो तसं. दम घेत, पण पोचणार नक्की. त्या दिवशी नुसती पळापळ. सुरेख होतं, पण मास्तर वाटेनात. मला वाटलं, आजारपणात माणूस घाई करतो. लोकांनी त्यांना तसं ऐकू नये इतकंच.”

“मग तुम्ही ते नाहीसं केलंत?”

“बाई, मी माणसांची पापं ऐकतो, टेपा नाही.”

बाईंच्या कपाळावर आठी पडली. परतताना त्या माझ्या चार पावलं पुढे चालत होत्या. मला वाटलं रागावल्या. पण खोलीत येताच त्यांनी पुन्हा ते शांततेचं रीळ चढवलं आणि या वेळी मलाही दुसरा हेडफोन दिला.

“शेवट ऐक,” त्या म्हणाल्या. “तू लाल दिवा आधी विझवतोस आणि यंत्र मागून बंद करतोस. तुझी जुनी आळशी सवय. आज पहिल्यांदा तिचा उपयोग झाला.”

५

भात्याचा हुंकार. हुंकार. मग, दिवा विझला असावा, वर माडीवर कुणीतरी खोकलं. तो खोकला मी झोपेतही ओळखला असता. इतका वेळ दाबून धरलेला, मास्तरांचा. त्यानंतर काठीची टकटक. जिन्याच्या दाराची किरकिर. काठी एकेक पायरी खाली, मंद होत गेली.

आणि मग, काठी खाली पोचल्यावर, माडीवर लाकूड करकरलं.

“ते काय?” बाईंनी विचारलं.

“बाकडं. ऑर्गनचं.”

“चल वर.”

तो जिना मळसूत्री, इतका अरुंद की एकावेळी एकच माणूस जाईल, आणि बाई अर्ध्यात अडकल्या. खोटं नाही सांगत, चावीवाल्यानं आणि मी त्यांना मागून ढकलून वर पोचवलं, आणि त्या वेळी त्या जे बोलल्या ते चर्चच्या घुमाऱ्यात अजून फिरतंय.

माडीवर पुढे लाकडी जाळी. खाली बसलेल्याला वाजवणारा दिसत नाही. मीही खालीच असायचो, वेदीमागे, कानाला हेडफोन. बाईंनी बाकड्याकडे पाहिलं आणि त्यावर बसल्या. आवाज नाही. उठल्या. लाकूड करकरलं. पुन्हा बसल्या, गप्प. उठल्या, करकर.

“उठतानाच वाजतं,” त्या म्हणाल्या. “आता सांग. मास्तर खोकले, काठी घेऊन चालू लागले, खाली गेले. आणि त्यानंतर कुणीतरी या बाकड्यावरून उठलं.”

मी बाकडं हातानं चाचपलं. “दुसरं कुणी आधी बसलेलं असेल की. शेजारी.”

“दोन माणसं मावतील एवढं दिसतं का तुला हे? आणि शांतता भरताना जो जिथं असेल तिथंच राहतो, हा तुझाच नियम. सूर संपला तेव्हा बाकड्यावर होती ती व्यक्ती वाजवत होती. मास्तर उभे होते.”

“उभं राहून काय करत होते?”

“पानं उलटत होते,” मागून आवाज आला.

जिन्याच्या दारात भाची उभी होती.

६

तेव्हा ती तुमच्यातल्या धाकट्यांएवढी असेल.

“मामाची बोटं थरथरायची,” ती म्हणाली. “कुणाला कळू दिलं नाही. मामीचे कान जाणार हे समजल्यावर त्यानंच म्हटलं, तिच्यासाठी एकदा टेप करून ठेवू. इथं येऊन बसला. एक ओळ वाजवली. मग उठला आणि मला म्हणाला, तू बस. आणि मामीला सांगायचं नाही म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवून वचन घेतलं.”

“मग टेप का लपवलीस, मुली?” बाईंचा आवाज मी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला.

“मामीनं त्याचं वाजवणं इतकी वर्षं ऐकलंय. पहिल्या ओळीतच तिला कळलं असतं, हा तो नाही. मग शेवटचं तिनं काय ऐकलं असतं? आपल्या नवऱ्यानं केलेली फसवणूक. आणि मी त्यात सामील.” तिनं डोळे पुसले. “म्हटलं, त्या डब्यात शांततेचं रीळ ठेवते, टेप बिघडली असं समजेल, हळहळेल. ते बरं.”

“आणि आळ या गाढवावर आला असता.”

“हो,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “त्याचं वाईट वाटलं. थोडंसं.”

“कुठं आहे रीळ? जाळलंस?”

“ते कसं जाळणार? मामानं पानं उलटलीत त्यात.”

तिनं बाकड्याची फळी उचलली. आत स्तोत्रांची जुनी पुस्तकं, आणि त्यांच्याखाली, रुमालात गुंडाळलेलं रीळ. बाई त्यावर दोनदा बसून उठल्या होत्या.

आता खरा पेच. चोर सापडला, माल सापडला, आणि रविवार उजाडायला आला. बाई म्हणाल्या, मामीला खरं सांगा. भाची म्हणाली, सांगितलंत तर मी पुन्हा या ऑर्गनला हात लावणार नाही. मी म्हणालो, काही न सांगता वाजवू, तिच्या कानांना ठरवू दे. दोघी माझ्यावर तुटून पडल्या. पण तिसरा मार्ग कुणाला सुचत नव्हता. रीळ नाही म्हणावं, तर ती बाई तशीच रिकाम्या हातानं शस्त्रक्रियेला जाणार.

७

रविवारी दुपारी मामी आली. सणासुदीला नेसावं तशी नीट तयार होऊन. पहिल्या बाकावर बसली. मी यंत्र तिच्या पुढ्यात आणून ठेवलं, दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर. बाई खांबाआड. भाची मामीच्या मागच्या बाकावर, बाकाची कड दोन्ही हातांनी धरून.

“आवाज पुरेसा होईल ना?” मी विचारलं. मामी माझ्या तोंडाकडे बघून हसली. “लाव,” म्हणाली.

मी बटण दाबलं.

काय सांगू! छत भरलं. खांब भरले. भाचीच्या हातचं ते वाजवणं, तरुण, धावतं, आणि अधूनमधून पान उलटल्याची सळसळ. मामीनं डोळे मिटले नाहीत. फिरणाऱ्या रिळांकडे बघत मान डोलवत राहिली, हळूहळू, तालावर. मी तिच्या चेहऱ्यावर ती पहिली ओळ शोधत होतो, जिथं तिला कळेल. कळलं नाही. दुसरी गेली, तिसरी गेली. आणि मग सगळं संपलं, शेवटचा सूर छताला जाऊन विरला, आणि मामी मागं वळली. भाचीचा हात हातात घेतला. म्हणाली, “तुझा डावा हात अजून घाई करतो गं.”

भाचीला रडू कोसळलं.

“रडतेस काय? मला पहिल्याच सुराला कळलं. पण पानं त्यांनीच उलटलीत. प्रत्येक पान वेळेच्या जरासं आधी. तसंच करायचे ते, घरी पेपर वाचतानासुद्धा. माझं वाचून व्हायच्या आत.” आणि ती हसली. “ऐकलं मी त्यांना. आता नेऊ दे कान.”

खांबाआडून बाईंनी इतक्या जोरानं नाक शिंकरलं की ऑर्गनची एक नळी आपोआप वाजली. अगदी सुरात.

वरच्या पट्टीतली मुलगी डोळे टिपायला लागली. जाड्या घसा खाकरत छताकडे बघत होता. गोष्ट पोचली की मला असं आतून ऊबदार वाटतं. मी पाणी प्यायला पेला उचलला.

“खोटं.”

खिडकीशी भाची पानं लावायची थांबली होती.

“हां, ती नळी वाजली हे जरा मी...”

“नळीचं नाही म्हणत,” भाची म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. “मामी मागं वळलीच नाही. डाव्या हाताचं काही बोलली नाही, पानांचं तर नाहीच. मी तिच्या मागं बसले होते. टेप संपली होती. सुटलेलं टोक यंत्रावर फटफट फटफट आपटत होतं, सगळ्या चर्चमध्ये घुमत होतं. आणि तुम्ही ते बंद करायला उठला नाहीत, काका, कारण मामी अजून फिरणाऱ्या रिळाकडे बघत मान डोलवत होती.”